एटीव्ही रायडिंगचा एक दिवसाचा ट्रेनिंग कोर्स : चढ-उतारासाठी डोळे झाकून करा, पाण्याच्या बाबतीत मात्र फार अपेक्षा ठेवू नका

थेट मुद्द्यावर येते. तुम्ही कित्येक वर्षं बाईक चालवताय आणि आता "चार चाकं आहेत म्हणजे पडायचा प्रश्नच नाही" असं समजून एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालवायची, जाड टायरची चारचाकी मोकळी गाडी) घेतलीय किंवा घ्यायचा विचार चाललाय, तर आधी असा एखादा कोर्स करा आणि मग मशीनला हात लावा. माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, पण चार दिलेत ते मनापासून दिलेत, कारण ह्या लोकांनी जे शिकवलं ते व्हिडिओ बघून अंगात उतरत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून "वजन पुढे, अजून पुढे, अजून" असं ओरडावंच लागतं.

कोर्सचं स्वरूप साधं आहे. सकाळी मशीनची तपासणी आणि सपाट मैदानावर सराव, दुपारी चढ, उतार, आडवा उतार, चिखल आणि ओंडके. मशीन, हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज त्यांचेच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आपले आपण आणायचे, आणि हे नुसतं कागदावर नाहीये, एक जण साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये आला होता त्याला बूट मिळेपर्यंत मशीनवर बसूच दिलं नाही. मला हे फार आवडलं.

सकाळची तपासणी बऱ्याच जणांना कंटाळवाणी वाटली, मला उलट तीच सोन्यासारखी वाटली. सगळ्यात आधी टायर. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा किती कमी असते ह्याची कल्पनाच नसते आपल्याला, साधारण 3 ते 7 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास, नेमका आकडा मशीनवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघायचा. कारचा नेहमीचा गेज इथे काही कामाचा नाही कारण इतक्या खालचा दाब तो धड दाखवतच नाही, कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. आणि डाव्या-उजव्या टायरमध्ये एखाद-दोन पीएसआयचा जरी फरक असला तरी मशीन एका बाजूला ओढतं. कारमध्ये तेवढा फरक कळतसुद्धा नाही पण इथे एकूण दाबच चार-पाच, त्यात दोनचा फरक म्हणजे केवढा झाला बघा! ट्रेनर मॅडमनी एका मशीनचा पुढचा एक टायर मुद्दाम कमी ठेवला होता आणि प्रत्येकाला ते मशीन सरळ रेषेत चालवून बघायला लावलं, हँडल कसं ओढतं ते हाताला कळलं. मग ब्रेक, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मागे येतो का, केबल अडकत नाही ना, लाइट, ऑइल, पेट्रोल, चेन किंवा शाफ्ट, नट-बोल्ट. थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, बाईकसारखा पिळायचा नसतो, आणि बहुतेक मशीनवर तो किती आत जाईल हे ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो हे किती जणांना माहीत असतं? नवशिक्यांच्या मशीनवर तो घट्ट करून ठेवला होता, दुपारनंतर प्रत्येकाचं बघून थोडा थोडा सैल केला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे एवढं लिहितेय. एटीव्हीवर तुमचं शरीर हेच अर्धं कंट्रोल आहे. ट्रेनर मॅडमनी साधा हिशोब सांगितला. मोठ्या कामाच्या मशीनचं वजन धरा 320 किलो, तुमचं धरा 80, म्हणजे एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तुम्ही, आणि तोही सगळ्यात वर बसलेला. हा पाचवा हिस्सा योग्य वेळी योग्य जागी सरकवला तर मशीन जमिनीला धरून राहतं, चुकीच्या जागी राहिला तर तोच मशीनला उलटवतो. म्हणून ती सीट इतकी लांब असते! मला आधी वाटायचं मागे कोणाला बसवता यावं म्हणून लांब असेल, पण नाही, रायडरला पुढे-मागे सरकता यावं म्हणून ती लांब असते. दोघांसाठी वेगळी बनवलेली मशीन मिळतात, त्यांची चाकांमधली लांबी जास्त असते, पण साध्या सिंगल मशीनवर मागे कोणी बसला की एक तर तुम्हाला सरकायला जागा उरत नाही आणि चढावर त्या माणसाचं वजन नेमकं मागच्या चाकांच्याही मागे जातं. एवढं कारण कळलं की पुन्हा कोणी "बस ना मागे" म्हणणार नाही.

बाईकवाल्यांसाठी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पाय. बाईक कलली की आपला पाय आपोआप खाली जातो, वर्षानुवर्षांची सवय आहे ती, विचार करायला वेळच लागत नाही. एटीव्हीवर तोच पाय खाली गेला की मागचं चाक त्यावरून जातं, मग पाय आत ओढला जातो नाहीतर मुरगळतो. सकाळच्या सत्रात ह्या एका सवयीवर भरपूर वेळ घालवला. हळू, अगदी चालायच्या स्पीडने, आठच्या आकड्यात फिरायचं, मध्ये मुद्दाम दगड-माती टाकून उंचवटे केलेले, मशीन डगमगलं की पाय उचलायची इच्छा होते आणि ट्रेनर लगेच शिट्टी वाजवतात. आमच्या बॅचमध्ये एक काका होते, आयुष्यभर बाईक चालवलेले, त्यांचा पाय दर वळणाला निघायचा. ट्रेनर न चिडता प्रत्येक वेळी थांबवून पुन्हा करून घ्यायचे, "काका, पाय फूटरेस्टला चिकटलाय असं समजा, वरचं अंग हलवा." जेवायच्या सुट्टीपर्यंत काकांचा पाय जागेवर बसला होता. एखाद्याला सगळ्यांसमोर लाज न वाटू देता त्याची जुनी सवय मोडून काढणं सोपं नसतं, इथे त्या ट्रेनरना पूर्ण मार्क.

वळणाचंही तसंच. बाईक वळणात आत कलते, तिच्याबरोबर आपण कलतो. एटीव्ही कलत नाही, तिचं वजन उलट बाहेरच्या चाकांवर जातं, म्हणून आपलं वरचं अंग पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं आणि जोर मात्र बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा. ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा जमलं की मशीन हातात येतं. ज्या मशीनची मागची दोन्ही चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर असतात, म्हणजे बहुतेक स्पोर्ट क्वाड (क्वाड म्हणजे चारचाकी एटीव्हीच), त्यांच्यात तर हे फारच लागतं, कारण वळताना आतलं चाक कमी अंतर जातं आणि बाहेरचं जास्त, पण अ‍ॅक्सल एकच असल्यामुळे दोन्ही सारखीच फिरतात, मग मशीन सरळच जायला बघतं. आतल्या मागच्या चाकावरचं वजन कमी केलं की ते थोडं घसरतं आणि मशीन वळतं. डांबरी रस्त्यावर एटीव्ही इतकी विचित्र का वागते त्याचंही एक कारण हेच, तिथे चाक घसरतच नाही, वर तो मऊ कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटतो, मशीन अरुंद आणि उंच, जोरात वळवली की उलटायलाच बघते. मॅन्युअलमध्ये पक्क्या रस्त्यावर चालवू नका असं का लिहिलेलं असतं ते त्या दिवशी नीट डोक्यात शिरलं.

दुपारचा चढ. ह्यासाठी पैसे दिले असं म्हणाल तरी चालेल.

चढायचं कसं हे सगळेच शिकवतात, खालचा गियर, वजन पुढे, चढ जास्त असेल तर फूटरेस्टवर उभं राहून छाती हँडलच्या पुढे न्यायची, थ्रॉटल एकसारखा, मध्येच झटका द्यायचा नाही कारण पुढची चाकं उचलली जातात. पलीकडे काय आहे ते माहीत नसेल तर माथ्याच्या आधी स्पीड कमी करायचा, आणि वाळूच्या टेकड्यांवर तर हे दुप्पट पाळायचं, कारण माथ्याच्या पलीकडे सरळ तुटलेला कडा असू शकतो किंवा समोरून दुसरा रायडर येत असू शकतो. म्हणूनच वाळूत मशीनला लांब लवचिक काठीवर झेंडा लावतात.

पण ह्या कोर्सचं खरं वैशिष्ट्य म्हणजे चढ *नाही* चढला तर काय करायचं ह्याचा सराव. जास्त वेळ ह्यावरच. ट्रेनर मुद्दाम अर्ध्या चढावर मशीन थांबवायला लावायचे. त्यात तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत आणि तिन्हींमध्ये करायचं वेगळं वेगळं आहे. पहिली, मशीनचा दम कमी होतोय पण अजून पुढे जातंय आणि जागा आहे, तर थांबायच्या आधीच वळून खाली यायचं, चढाकडे अंग कललेलं ठेवून. दुसरी, मशीन थांबलं. मग ब्रेक धरायचा, वजन चढाच्या बाजूलाच ठेवायचं, पार्किंग ब्रेक लावायचा आणि चढाच्या बाजूने उतरायचं, मशीन अगदी सरळ वर तोंड करून असेल तर कुठल्याही बाजूने चालतं. उतरल्यावर मशीनपेक्षा चढाच्या वरच्या बाजूला राहायचं, खालच्या बाजूला कधीच नाही. मग शेजारी उभं राहून हँडल पूर्ण वळवून ब्रेक थोडा थोडा सोडत मशीन मागे आडवं होईपर्यंत आणायचं, पुन्हा वरच्या बाजूने चढून बसायचं आणि हळू खाली. हे करताना सगळ्यांचेच हात थरथरत होते, एवढं जड धूड फक्त ब्रेकच्या भरवशावर सरकतंय हे डोक्यातून जात नाही. पण दोन-तीनदा केल्यावर कळतं की ब्रेक लिव्हर हळू सोडता आली तर ते मुंगीच्या गतीने सरकतं.

तिसरी परिस्थिती सगळ्यात धोक्याची, मशीन मागे घरंगळायला लागलं. इथे माणसाच्या दोन्ही नैसर्गिक इच्छा त्याला उलटवतात. एक, थ्रॉटल दाबावासा वाटतो. दोन, मागचा ब्रेक गच्च दाबला जातो. दोन्ही केलं की पुढचा भाग वर उचलला जाऊन मशीन मागच्या मागे तुमच्यावर येतं. थ्रॉटल अजिबात नाही, वजन पुढे, पुढचा ब्रेक हळूहळू, पूर्ण थांबल्यावर मग मागचा ब्रेक आणि मग पार्किंग. ट्रेनर मॅडमनी हे आधी जमिनीवर नुसत्या उभ्या मशीनवर डोळे मिटून करून घेतलं. "पुढचा ब्रेक" म्हटलं की हात बरोबर लिव्हरवर गेला पाहिजे. आणि एक महत्त्वाची सूचना, ब्रेकची मांडणी सगळ्या मशीनवर सारखी नसते, कुठे डावी लिव्हर मागचा ब्रेक चालवते, कुठे एकाच लिव्हरने सगळी चाकं धरली जातात, फोर व्हील ड्राइव्ह लागलेला असेल तर अजून फरक पडतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर सपाटावर आधी हे तपासा. मागे उलटतंय हे नक्की झालं तर मशीन सोडून बाजूला उडी, त्याला धरून वाचवायचा प्रयत्न करायचा नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की आता झोपेतही ऐकू येतं.

उतार त्या मानाने सोपा. सरळ खाली, तिरकं नाही, कंबर मागे, हात सैल, खालचा गियर लावून इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिनच्याच अडकावावर यायचं, ब्रेक हलके, न्यूट्रल कधीच नाही. ऑटोमॅटिक बेल्टवाल्या काही मशीनमध्ये इंजिन ब्रेकिंग फारसं मिळत नाही, उतारावर मशीन सुटल्यासारखं पळतं, तुमच्या मशीनचं काय आहे ते छोट्या उतारावर आधी बघून ठेवा.

आडव्या उताराचा, म्हणजे डोंगर आपल्या एका बाजूला ठेवून जायचा सराव फार मस्त बांधलाय. ट्रेनरचं पहिलं वाक्यच होतं की शक्य असेल तिथे हे टाळा. मग टाळता आलं नाही तर काय ते शिकवलं. वरचं अंग पूर्ण चढाच्या बाजूला, म्हणजे जवळजवळ सीटच्या बाहेर, पाय मात्र दोन्ही फूटरेस्टवर, स्पीड कमी आणि एकसारखा. वरच्या बाजूचं चाक एखाद्या दगडावर चढलं किंवा खालच्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तर उताराचा कोन एकदम वाढतो, दिसायला सौम्य असलेल्या उतारावरही मशीन उलटू शकतं ते ह्यामुळेच. म्हणून नजर पुढच्या आठ-दहा मीटरवर, अगदी चाकाखाली नाही. मशीन कलायला लागलं तर हँडल उताराकडे वळवायचं, जागा असेल तर. जागा नसेल तर वरच्या बाजूने उतरून मोकळं व्हायचं, क्षणभरही विचार न करता. हँडल उताराकडे वळवायचं हे मनाला पटतच नाही, घाबरलेलं माणूस हँडल वरच ओढतं, आणि त्यामुळे मशीन अजून कलतं. त्यांनी एका बाजूला मातीचा कमी उंचीचा सुरक्षित बांध केला होता तिथे हे प्रत्येकाकडून करून घेतलं. हा सराव सोडून दिला असता तर कोर्सला मी 2 स्टार दिले असते.

ओंडके आणि मोठे दगड पटकन उरकले, पण पुरेसं होतं. ओंडक्याला काटकोनात सामोरं जायचं, उभं राहायचं, गुडघे-कोपर सैल, चाक टेकायच्या जरा आधी थोडासा थ्रॉटल, पुढची चाकं वर गेली की सोडायचा. तिरकं गेलात तर एक चाक वर आणि एक खाली, बाकी काय होतं ते समजलंच असेल. हँडलवरची पकड सुटू देऊ नका असंही सांगितलं, कारण दगडाला चाक आपटलं की हँडल झटक्यात फिरतं.

चिखलात शिकवलेली एक गोष्ट लक्षात राहिली. खोल चाकोऱ्या पडलेल्या असतील तर त्यांच्या कडेने एक चाक वर एक खाली असं जाण्यापेक्षा एक तर पूर्ण चाकोरीत जा नाहीतर पूर्ण बाहेर राहा. पुढचं सरळच घसरत चाललंय आणि हँडल ऐकत नाहीये तर थ्रॉटल कमी आणि वजन पुढे. मागचं घसरलं तर ज्या बाजूला घसरतंय तिकडे हँडल द्या आणि पकड येईपर्यंत ब्रेक नको. अडकलात आणि कोणी मागून ढकलत असेल तर थ्रॉटल जपून, तो माणूस नेमका चाकांच्या मागे उभा आहे. विंचची (अडकलेलं मशीन ओढून काढायच्या यंत्राची) केबल ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मधोमध ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाकायचं, म्हणजे केबल तुटली तरी ती हवेत उसळत नाही.

आता एक स्टार कुठे गेला.

पाण्याचा भाग फक्त स्लाइडवर होता! पावसाळी ओढे, नदीकाठ, ओलं शेत, लोक एटीव्ही घेतात तेच मुळी अशा ठिकाणी जायला, आणि त्यावर प्रत्यक्ष सराव शून्य. जे सांगितलं ते चांगलं होतं, आधी उतरून काठीने खोली आणि तळ बघा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या खोलीच्या पलीकडे जाऊ नका, वाहतं पाणी असेल तर अजिबात धोका पत्करू नका कारण ते जाडजूड टायर हवेने भरलेले असल्यामुळे मशीन तरंगायला लागतं आणि प्रवाह त्याला सहज आडवं करतो, पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवा. पण हे सगळं खुर्चीत बसून ऐकलं. गुडघ्याच्याही खाली पाणी असलेला एखादा चर खणून ठेवला असता तरी चाललं असतं. ओले ब्रेक किती कमी धरतात हे एकदा हाताला कळायला हवं.

दुसरी तक्रार, लोड. कॅरिअरवर सामान, मागे ट्रॉली किंवा फवारणीची टाकी घेऊन चालवणारे त्या बॅचमध्ये निम्मे होते, बरेच जण शेतावरच्या कामासाठी आलेले. त्यांना सांगितलं की कॅरिअरची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, वजन खाली आणि घट्ट बांधलेलं असू द्या, अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी उतारावर एका बाजूला जातं आणि ते पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षाही वाईट वागू शकतं. पण एकही फेरी लोड घेऊन झाली नाही. मागच्या कॅरिअरवर नुसती वाळूची दोन पोती बांधून छोटा चढ चढायला लावला असता तर फरक लगेच कळला असता. मी हे फीडबॅकच्या फॉर्मवरही लिहिलंय आणि समोरही बोलले. ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

तिसरी, सगळी मशीन छोटी ऑटोमॅटिक. ज्यांच्याकडे क्लच-गियरवालं स्पोर्ट क्वाड आहे त्यांना वळणाचा आणि अ‍ॅक्सलचा भाग ऐकून समजून घ्यावा लागतो. स्वतःचं मशीन आणायची परवानगी आहे का ते बुकिंगच्या आधी विचारा, मला उशिरा कळलं की चालतं, फक्त आधी कळवावं लागतं.

हेल्मेटचे साइज मर्यादित आहेत. डोकं मोठं किंवा लहान असेल तर स्वतःचं आणा, हनुवटीचा भाग असलेलं ऑफरोड हेल्मेट आणि गॉगल. त्यांच्या गॉगलच्या काचा बऱ्यापैकी ओरखडलेल्या होत्या, दुपारच्या उन्हात समोरून प्रकाश आला की नीट दिसत नव्हतं, आणि नीट दिसणं हे ह्या खेळात काही ऐच्छिक नाहीये. हे बदलायला खर्च तरी किती येणार.

थोडी माहिती जेवणाच्या सुट्टीत मिळाली ती मला कोर्सइतकीच आवडली. भिंतीवर जुन्या तीनचाकी मशीनचा फोटो होता. होंडानं 1970 मध्ये तीनचाकी आणली तेव्हापासून ही सगळी गोष्ट सुरू झाली, मग 80च्या दशकात चारचाकी आली, आणि तीनचाकीचे अपघात इतके वाढले की 1988 मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारी यंत्रणेशी करार करून नवीन तीनचाकी विकणं बंद केलं. म्हणजे चार चाकांचं मशीनही सुरक्षिततेच्या भांडणातूनच पुढे आलंय. ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर 2021 पासून कामाच्या नवीन क्वाडवर रायडरच्या मागे संरक्षक कमान बसवणं सक्तीचं आहे, म्हणजे मशीन उलटलं तरी माणूस खाली पूर्ण चिरडला जाऊ नये, थोडी पोकळी राहावी. ह्या नियमाला काही मोठ्या कंपन्यांचा विरोध होता, त्यांनी तिथली विक्रीच बंद केली. ट्रेनरकडे तशी एक कमान बसवलेलं मशीन होतं, त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि स्वतःचं मत लादलं नाही. माझं मत विचाराल तर एकट्याने शेतात काम करणाऱ्या माणसासाठी ती कमान हवीच. एटीव्हीखाली अडकलेली माणसं हाड मोडून कमी आणि छातीवर वजन राहून श्वास न घेता आल्यामुळे जास्त जातात, त्या थोड्याशा पोकळीचा अर्थ तिथे कळतो.

त्याला जोडूनच मशीन उलटल्यानंतरचं सत्र होतं, छोटंसं, पण बाकी कुठे शिकवत नाहीत. मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची दोरी असते, आपण पडलो की ती निघून इंजिन बंद होतं, ती कायम लावा. मशीन उलटं पडलेलं असेल तर सरळ केल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही, ऑइल सिलेंडरमध्ये किंवा एअर फिल्टरमध्ये शिरलेलं असू शकतं, आधी तपासायचं. पेट्रोल सांडलंय का बघायचं. आणि एकटं जायचं नाही, गेलातच तर कुठे जाताय आणि कधी परतणार ते घरी कोणाला तरी सांगून जा, फोन खिशात अंगावर ठेवा, मशीनच्या डब्यात नाही, कारण अडकलात तर हात डब्यापर्यंत पोहोचणार नाही.

मुलांना घेऊन जायचं असेल तर हे आधी वाचा. मोठ्यांच्या बॅचमध्ये 16 वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि 90 सीसीच्या वरच्या मशीनवर तेवढ्या लहान मुलांना बसवू नका असं त्या मशीनवरच्या स्टिकरवरही लिहिलेलं असतं. एक वडील मुलाला घेऊन आले होते, मुलगा उंच होता, "सोळाचाच दिसतो" वगैरे बोलून बघितलं त्यांनी. ट्रेनर मॅडम नम्रपणे नाहीच म्हणाल्या. उंची असली तरी मशीन सरकवायला लागणारं वजन आणि चटकन निर्णय घ्यायची समज त्या वयात नसते, असं त्यांनी वडिलांना नीट समजावून सांगितलं. लहान मुलांसाठी वयाप्रमाणे छोट्या मशीनची वेगळी बॅच असते, तिथे एक पालक पूर्णवेळ हजर लागतो.

शेवटी एक छोटी परीक्षा होते, आठचा आकडा, अचानक थांबणं, चढावर थांबून वळणं. पास-नापास फार कडक नाहीये, मला वाटतं चढावरचा भाग तरी कडक ठेवायला हवा होता, एक-दोघांचा पुढचा ब्रेक अजून पक्का झालेला नव्हता आणि त्यांनाही सर्टिफिकेट मिळालं. सर्टिफिकेटबरोबर मशीनच्या तपासणीची एक प्लास्टिकची पट्टी देतात, ती चाव्यांना अडकवून ठेवा.

बुकिंग करताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: बॅचमध्ये किती जण आहेत आणि ट्रेनर किती, कारण एका ट्रेनरमागे माणसं जास्त झाली की चढावर आपली पाळी दोनदाच येते. पाऊस पडून गेला असेल तर चढाचा सराव होणार की सपाटावरच उरकणार, तारीख बदलून मिळते का ते. आणि स्वतःचं मशीन आणणार असाल तर टायरमधली हवा घरूनच मोजून या, तिथे गेज दोनच आहेत आणि सकाळी त्यांच्यासाठी रांग लागते.